एक नेट कनेक्शन आणि अख्खं ऑफिस: छोट्या नेटवर्कची जोडणी पहिल्यापासून

छोट्या ऑफिसाचं नेटवर्क सहसा कोणी मांडलेलं नसतं, ते साचत गेलेलं असतं. आधी एक कॉम्प्युटर येतो, मग दुसरा, मग प्रिंटर. कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत वायफायची रेंज पोचत नाही म्हणून कपाटात पडलेला जुना राऊटर काढून मध्ये लावला जातो. पोर्ट संपले की अजून एक छोटा स्विच, म्हणजे एका वायरीच्या अनेक वायरी करणारा डबा. असं करत करत एक दिवस निम्म्या ऑफिसात नेट चालतं आणि निम्म्यात चालत नाही. फोन करून विचारावं तर कनेक्शनवाला शांतपणे म्हणतो, "आमच्याकडून लाइन चालू आहे." आणि बहुतेक वेळा तो खरं बोलत असतो.

असे गुंते सोडवता सोडवता मला एक सूत्र हाती लागलं: नेटवर्कचा कारभारी एकच हवा. पत्ते वाटणारा तोच, बाहेरचं दार सांभाळणारा तोच, म्हणजे मुख्य राऊटर. बाकीची यंत्रं सांगकामी. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसे एका लॅनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कमध्ये, दोन कारभारी राहत नाहीत. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीभोवती आहेत.

वाटलं जातं ते नेमकं काय

कनेक्शन देणारी कंपनी साधारणपणे तुमच्या राऊटरला एकच आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा ओळखीचा आकडा, देते. आत मात्र दहा कॉम्प्युटर, दोन प्रिंटर आणि प्रत्येकाच्या खिशात एक फोन. यांच्यासाठी खासगी पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवलेले आहेत. १९९६ पासून हीच व्यवस्था चालत आली आहे: १० ने सुरू होणारे पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि सगळ्यांच्या ओळखीचे १९२.१६८ चे. हे पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत, फक्त आत चालतात.

राऊटर मधे बसून आवक-जावक वही ठेवतो. कुठल्या टेबलावरून कुठलं पत्र बाहेर गेलं ते लिहून घेतो, पत्रावर स्वतःचा पत्ता घालतो, आणि उत्तर आलं की वही बघून ज्याचं त्याच्या टेबलावर पोचवतो. या कामाला नॅट म्हणतात. एक कनेक्शन सगळ्यांना पुरतं ते या वहीमुळे.

इथेच एक गैरसमज काढून टाकू. १०० एमबीपीएसची लाइन दहा जणांत वाटली म्हणजे प्रत्येकाला दहा-दहा मिळत नाहीत. त्या क्षणाला कोणी काही उतरवत नसेल तर एकट्यालाच पूर्ण १०० मिळतात, आणि एकाने मोठं काम लावलं की बाकीचे ताटकळतात. शिवाय हे आकडे बिटचे आहेत, बाइटचे नाहीत. आठने भागलं की १०० चे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट होतात. फाइल उतरताना दिसणारा आकडा हा असतो, तेव्हा "१०० सांगितले आणि १२ च येतात" म्हणून भांडायला जाऊ नका.

पायरी पहिली: दार कुठे आहे ते शोधा

फायबरची वायर ज्या डब्यात येते तो डबा बघा. हल्ली बहुतेक ठिकाणी तो डबाच राऊटर असतो आणि वायफायही देतो. त्याच्या पुढे तुम्ही स्वतःचा राऊटर लावला की दोन कारभारी झाले. वही दोनदा लिहिली जाते. साधं ब्राउझिंग चालून जातं, पण व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) लागत असेल किंवा बाहेरून कॅमेरे बघायचे असतील तर डोकेदुखी सुरू होते.

ओळखायची खूण सोपी आहे. तुमच्या राऊटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी बघा. तो १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर बहुधा पुढे आणखी एक राऊटर बसलेला आहे. अशा वेळी दोनपैकी एक करा: कंपनीला सांगून तो डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या, म्हणजे तो फक्त फायबरचा सिग्नल साध्या वायरीत उतरवायचं काम करेल, किंवा त्यालाच कारभारी राहू द्या आणि तुमचा राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय द्यायला, वापरा. मला पहिला मार्ग आवडतो, कारण कंपनीच्या डब्यात सेटिंग फारशी उघडी नसतात.

वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर कंपनीनेच अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवलं आहे. ते तुमच्या हातात नाही. बाहेरून आत यायची गरज नसेल तर त्याने काही अडतही नाही. गरज असेल तर स्थिर आयपी मागून घ्या.

पायरी दुसरी: सामान

एक राऊटर, एक गिगाबिट स्विच, जागेप्रमाणे एक-दोन ॲक्सेस पॉइंट. बस्स. स्विच साधा, सेटिंग नसलेला चालतो, पण पोर्ट मोजून घ्या: आज लागणाऱ्या वायरी अधिक तीन-चार मोकळे. आठ पोर्टचा घेऊन सहा महिन्यांत त्याला दुसरा जोडण्यापेक्षा सोळाचा आधीच बरा.

"राऊटर कशाला, एका कॉम्प्युटरवरूनच नेट शेअर करता येतं की," असं सांगणारा कोणीतरी भेटतोच. येतं. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९९ पासून ती सोय विंडोजमध्ये आहे. पण तो कॉम्प्युटर बंद झाला की सगळ्यांचं नेट बंद, आणि तो अपडेट होऊन रीस्टार्ट व्हायला लागला की सगळ्यांनी हात बांधून बसायचं. लाइन गेली आहे, एका लॅपटॉपला फोनचं नेट मिळतंय आणि दोन तास काम उरकायचंय, एवढ्यापुरती ती ठीक. तेव्हाही एक लक्षात ठेवा: सोय चालू करताच तो लॅपटॉप स्वतः पत्ते वाटायला लागतो, हल्लीच्या विंडोजमध्ये १९२.१६८.१३७ चे. काम झाल्यावर ती बंद करायला विसरलात तर नेटवर्कमध्ये चोरपावलांनी दुसरा कारभारी शिरलाच म्हणून समजा.

पायरी तिसरी: वायरिंग

जे हलत नाही त्याला वायर द्यायची. टेबलावरचे कॉम्प्युटर, प्रिंटर, फाइल सर्व्हर, ॲक्सेस पॉइंट, सगळं वायरवर. वायफाय लॅपटॉप-फोनसाठी मोकळं राहतं आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

प्रत्येक टेबलापासून वायर सरळ स्विचपर्यंत आणा. टेबलाखाली छोटा स्विच, त्यातून पुढच्या टेबलाला, त्यातून त्याच्या पुढच्या, अशी माळ लावू नका. तांब्याच्या वायरीला एका पल्ल्यात १०० मीटरची मर्यादा आहे, पण छोट्या ऑफिसात ती क्वचितच आड येते. गिगाबिटला कॅट ५ई पुरते. नवीन वायर ओढताच असाल तर कॅट ६ घ्या, कारण भिंत पुन्हा पुन्हा फोडायची नसते. मात्र वायर अस्सल तांब्याची आहे ना ते बघा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त पडते, आणि वाकवली की आतून तुटते. विजेच्या वायरीबरोबर एकाच पट्टीतून नेट वायर नेऊ नका.

जॅक स्वतः मारणार असाल तर रंगांचा क्रम पाठ करा. क्लिप खाली, पिना आपल्याकडे वर, डावीकडून: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी येते, हे बघून नवशिक्याला वाटतं की आपलं चुकलं, आणि तो चारही जोड्या शेजारी-शेजारी लावतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. दोन्ही टोकांना सारखाच चुकीचा क्रम लावला होता, त्यामुळे टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले. वायर "पास". पण त्या टेबलावर नेट कधी १०० वर यायचं, कधी मधेच तुटायचं. कॉम्प्युटर बदलून पाहिला, स्विचचा पोर्ट बदलून पाहिला. शेवटी जॅक डोळ्यासमोर धरून रंग मोजले तेव्हा कळलं. सिग्नल पिळलेल्या जोडीतून जायला हवा, आणि तो दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या एकेका तारेतून जात होता. साधा टेस्टर तार सलग आहे की नाही एवढंच सांगतो, जोडी बरोबर आहे का ते सांगत नाही. पीळसुद्धा जेवढ्यास तेवढाच सोडा, जॅकच्या तोंडाशी साधारण सव्वा सेंटिमीटर.

कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंकचा वेग दिसतो. तिथे १००० ऐवजी १०० दिसले तर बहुधा चारपैकी एखादी जोडी लागलेली नाही. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, म्हणून वायर "चालते" पण संथ चालते.

दोन्ही टोकांना एकच नंबर लिहून चिकटवा. आज दहा मिनिटं जातील.

आणि एकाच वायरची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये जाणार नाहीत याची काळजी घ्या. हे हास्यास्पद वाटतं, पण झाडलोट करताना लोंबणारं टोक बघून कोणीतरी भल्या मनाने रिकाम्या पोर्टात खोचतं. साध्या स्विचमध्ये मग तेच ते संदेश गोल गोल फिरत राहतात आणि काही सेकंदांत सगळं ऑफिस ठप्प. खूण अशी: स्विचचे सगळे दिवे एका लयीत, वेड्यासारखे लुकलुकतात.

पायरी चौथी: राऊटरची सेटिंग

राऊटरला एक लॅपटॉप वायरने जोडा आणि ब्राउझरमध्ये खालच्या स्टिकरवरचा पत्ता टाका. पहिलं काम, ॲडमिनचा पासवर्ड बदलणे. दुसरं, फर्मवेअर, म्हणजे राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करणे. मग वॅनचा प्रकार निवडा. कंपनीने युजरनेम-पासवर्ड दिला असेल तर पीपीपीओई, नसेल तर बहुतेक वेळा आपोआप पत्ता घेणारा प्रकार. ब्रिज मोडनंतर काही कंपन्यांच्या लाइनवर व्हीलॅनचा नंबरही (लाइन कुठल्या गटातली ते सांगणारा आकडा) भरावा लागतो, तो त्यांच्याकडूनच मिळतो. पीपीपीओई असताना एमटीयू, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या तुकड्याचा कमाल आकार, सहसा १४९२ असतो, कारण १५०० पैकी आठ बाइट त्या पद्धतीच्या वेष्टनात जातात. काही साइट झटकन उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात, असं झालं तर आधी इथे बघा.

आता लॅनचा पत्ता. बहुतेक राऊटर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर येतात. मी तो बदलून १९२.१६८.५० ची मालिका घेतो, राऊटर १९२.१६८.५०.१ वर. कारण साधं आहे. कोणी घरून व्हीपीएनने ऑफिसला जोडलं आणि घरचंही नेटवर्क १९२.१६८.१ चंच असलं, तर त्याच्या लॅपटॉपला ऑफिसचा प्रिंटर आणि घरचा टीव्ही यात फरक कळत नाही.

मग डीएचसीपी, म्हणजे पत्तेवाटप. एका मालिकेत वापरता येण्याजोगे २५४ पत्ते असतात. त्यातले १०० ते १९९ वाटपाला ठेवा आणि २ ते ४९ कायमच्या यंत्रांना: ॲक्सेस पॉइंट, सर्व्हर. प्रिंटरला मात्र त्याच्या पॅनेलवर हाताने पत्ता घालण्याऐवजी राऊटरमध्ये रिझर्व्हेशन करा. त्याच्या मॅक पत्त्यापुढे (यंत्राला कारखान्यातच मिळालेला क्रमांक) आयपी लिहून ठेवला की तो दर वेळी तोच मिळतो, आणि सगळे पत्ते एकाच जागी नोंदलेले राहतात. "काल प्रिंट येत होती, आज येत नाही," या तक्रारीचं मूळ बरेचदा प्रिंटरचा बदललेला पत्ता हेच असतं.

पायरी पाचवी: वायफाय, आणि त्या जुन्या राऊटरचं काय करायचं

मुख्य राऊटर मोकळ्या, उंच जागी ठेवा. लोखंडी कपाटाच्या आत ठेवून रेंज येत नाही म्हणणाऱ्यांना काय सांगायचं!

दुसऱ्या टोकाला रेंज हवी असेल तर ॲक्सेस पॉइंट वायरने जोडा. बिनवायरचे रिपीटर मी टाळतो, कारण एकाच रेडिओवर ऐकायचं आणि तेच पुन्हा बोलायचं म्हटल्यावर वेग साधारण निम्म्यावर येतो. जुना राऊटर इथे कामाला येतो, पण त्याचं कारभारीपण काढून घेतल्यावरच. कसं ते क्रमाने सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात.

त्याला नेटवर्कपासून पूर्ण तोडा आणि फक्त एक लॅपटॉप जोडा. सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर आधी त्याचा लॅनचा पत्ता १९२.१६८.५०.२ करा. राऊटर पुन्हा चालू झाला की नव्या पत्त्यावर आत शिरा आणि डीएचसीपी बंद करा. मग वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राऊटरसारखेच द्या, म्हणजे चालता चालता फोन आपोआप दुसरीकडे जोडला जाईल. शेवटी स्विचकडून आलेली वायर त्याच्या लॅन पोर्टात लावा. वॅनचं पोर्ट रिकामंच ठेवायचं.

एका ऑफिसात हाच क्रम कोणी पाळला नव्हता. सकाळी चार जणांचं नेट चालत होतं, तीन जणांचं नाही, आणि दुपारी त्या तिघांतल्या एकाचं चालू होऊन आधीच्या एकाचं बंद पडलं. दोन्ही राऊटर १९२.१६८.१.१ वर बसून पत्ते वाटत होते. कॉम्प्युटर चालू होताना ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतला जायचा. गेटवेचा, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा, पत्ता दोघांचा एकच, म्हणून आयपी बघून काही उमगत नव्हतं. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये एआरपीची यादी, म्हणजे कुठल्या आयपीमागे कुठला मॅक पत्ता आहे त्याची नोंद, काढली. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या कॉम्प्युटरवर त्याच १९२.१६८.१.१ समोर वेगवेगळे मॅक पत्ते होते. मुख्य राऊटरच्या स्टिकरशी एक जुळला (शेवटचा आकडा एखाद-दुसऱ्याने पुढेमागे असू शकतो), दुसरा जुळला कपाटावर ठेवलेल्या डब्याशी.

चॅनेलबद्दल थोडक्यात: २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ यांपैकीच निवडा, कारण बाकीचे एकमेकांवर चढतात. जवळच्या दोन पॉइंटना वेगवेगळे द्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण भिंतीपलीकडे लवकर दमतो.

सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद, बाहेरून राऊटर उघडण्याची सोय बंद. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वेगळं गेस्ट नेटवर्क द्या, आणि त्यातून ऑफिसचा प्रिंटर किंवा शेअर केलेले फोल्डर दिसत नाहीत ना, ते स्वतःच्या फोनवरून तपासून बघा.

पायरी सहावी: एकाने सगळं गिळू नये म्हणून

नेट संथ झालं की सगळे डाउनलोडकडे बघतात. दोषी बरेचदा अपलोड असतो. अनेक प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडच्या मानाने कमी असतो, आणि कोणाचा तरी क्लाउड बॅकअप सकाळी दहाला सुरू होऊन तो भरून टाकतो. मग वेबपानसुद्धा अडतं, कारण पान मागवायची विनंतीही अपलोडनेच जाते आणि ती मोडेमच्या, म्हणजे कंपनीच्या डब्याच्या, रांगेत फाइलच्या तुकड्यांमागे उभी राहते. मीटिंगमध्ये आवाज तुटतो तोही याच रांगेमुळे.

पडताळून बघा. एका कॉम्प्युटरवरून ८.८.८.८ ला (गुगलचा सर्व्हर) सलग पिंग लावा, म्हणजे छोटी हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजत राहा, आणि दुसऱ्यावरून मोठी फाइल अपलोड करा. वीस मिलिसेकंदांवरचं उत्तर चार-पाचशेवर गेलं तर रोग सापडला. राऊटरमध्ये स्मार्ट क्यू किंवा एसक्यूएम अशा नावाची सोय असेल तर ती चालू करा आणि तिथे प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्के आकडा भरा. पूर्ण १०० टक्के भरू नका. थोडा वेग हातचा राखला की रांग मोडेमऐवजी राऊटरमध्ये लागते, आणि राऊटर तिच्यात छोट्या कामांना पुढे काढतो. दहा टक्के सोडताना जीवावर येतं, पण मीटिंग सुरळीत चालते. ही सोय नसेल तर निदान बॅकअप रात्रीवर ढकला.

बंद पडल्यावर

आतून बाहेर जात तपासा. आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा देऊन पत्ता बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला पत्ता देणारा कोणी भेटलाच नाही: वायर, स्विच किंवा राऊटर यांतच दोष. १९२.१६८.५० चा असेल तर राऊटरला पिंग करा. तो बोलला की ८.८.८.८ ला. तिथून उत्तर येतं पण साइट उघडत नाहीत, म्हणजे घोटाळा डीएनएसचा, साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणाऱ्या सोयीचा. राऊटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घालून बघा. राऊटर बोलतो आणि बाहेरून काहीच येत नाही, तेव्हा कंपनीला फोन. १९२.१६८.५० सोडून तिसराच पत्ता दिसला तर पाहुणा कारभारी शोधायला लागा.

फायबरचा डबा, राऊटर आणि स्विच, तिघांनाही यूपीएसवर घ्या. नुसता राऊटर घेऊन उपयोग नाही, डबा बंद असला तर राऊटर दिवे लावून बसेल. काम थांबणं परवडत नसेल तर दोन वॅन पोर्टचा राऊटर आणि दुसऱ्या कंपनीची छोटी लाइन, किंवा सिमवर चालणारा डोंगल.

सगळं मार्गी लागलं की सेटिंगची बॅकअप फाइल उतरवून घ्या. एका कागदावर राऊटरचा पत्ता, पीपीपीओईचं युजरनेम, राखीव पत्ते आणि वायरींचे नंबर लिहा. पासवर्ड त्यावर नको, ते वेगळे ठेवा. मग सगळं बंद करून एकेक चालू करा: आधी फायबरचा डबा, त्याचे दिवे स्थिर झाले की राऊटर, मग स्विच, मग ॲक्सेस पॉइंट. कागद स्विचशेजारच्या भिंतीवर चिकटवा. पुढच्या वेळी लाइन जाईल तेव्हा ऑफिसात कदाचित तुम्ही नसाल.